निशाणी चार: नाकात घालायचे थेंब

आयुष्यात मी एकाच माणसावर काठी चालवली आणि ती एक बाई होती. काठी तिच्या यंत्रावर मारायची होती, चुकून हाताला लागली, असे मी त्या दिवशी माझ्या पत्नीला सांगितले. ते खोटे होते. मध्ये हात आलेला मला दिसला होता. काठी आवरण्याइतका अवधी मला मिळाला होता आणि मी ती आवरली नाही. तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट, अशी दोन बोटांची हाडे मोडली. हाड मोडले की कायद्याच्या भाषेत ती साधी दुखापत राहत नाही, जबर दुखापत होते. हे मला काठी उचलतानाही ठाऊक होते, कारण माझी सारी नोकरी न्यायालयाच्या नक्कल विभागात गेली आहे.

नक्कल विभागाचे काम लोकांना माहीत नसते, म्हणून सांगतो. पक्षकार एखाद्या निकालाची किंवा दस्ताची प्रत मागतो. आम्ही ती तयार करतो, मुळाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतो आणि खाली 'खरी नक्कल' असे लिहून सही करतो. या ताडून पाहण्याला आम्ही रुजवात म्हणत असू. एकाने मूळ मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या वरिष्ठांनी मला बजावले होते की मजकुरात शिरायचे नाही. शिरलात की डोळा अर्थामागे धावतो आणि चुकलेली वेलांटी निसटते. खून, घटस्फोट, भावाभावांच्या वाटण्या अशी हजारो पाने माझ्या बोटाखालून गेली. त्यांत काय लिहिले होते, हे संध्याकाळी कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. याचा मला अभिमान होता.

माझे नाक निवृत्तीच्या आधी काही वर्षे बिघडले. सर्दी नव्हती, ताप नव्हता, पू नव्हता. थंड वारा लागला, फोडणी पडली, उदबत्ती पेटली किंवा गरम चहाचा कप तोंडाजवळ आला, की नाकाच्या आत कोणी मूठ आवळावी तसे दोन्ही मार्ग बंद होत आणि मग शिंका सुरू होत. पंधरा, वीस, एकामागून एक, बरगड्या दुखेपर्यंत. एकदा शिंकताना कपाळ टेबलाच्या कडेवर आपटले, भुवई फुटली आणि समोरच्या नकलेवर रक्त सांडले. ती नक्कल पुन्हा करावी लागली. रक्त तपासून झाले, कातडीवर सुया टोचून झाल्या. जंतू नाहीत, ॲलर्जी नाही. "नाकाच्या अस्तराला जुनी सूज आहे, सांभाळून राहा," एवढे पहिल्या डॉक्टरांनी सांगितले. कशापासून सांभाळायचे, ते सांगितले नाही.

नाशिकच्या डिसेंबरातल्या एका सकाळी मी तोंडाने श्वास घेत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने मला करंगळीएवढी एक बाटली दिली. "दोन दोन थेंब सोडा साहेब, लगेच मोकळं वाटेल." मी तिथेच झाकण फोडले, मान मागे टाकली आणि थेंब सोडले. एका मिनिटात नाक उघडले. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून नुसता श्वास घेत राहिलो. त्या दिवसापासून तीच रीत पडली. मी पायरी चढायचो, दुकानदार खोके फाडून बाटली माझ्या हातात ठेवायचा आणि खोके काऊंटरखालच्या टोपलीत टाकायचा. ते खोके मी कधी हातात घेतले नाही. आधी दिवसातून दोनदा थेंब लागत, मग चारदा, मग आठदा. सदऱ्याच्या खिशात, उशीखाली, देव्हाऱ्याच्या फळीवर, स्कूटरच्या डिकीत, सगळीकडे बाटल्या झाल्या. अकरा वर्षे हे असे चालले.

तीन वर्षांपूर्वी सिडकोतल्या आमच्या घराला भिंत लागून असलेल्या घरात सटाण्याकडचे एक कुटुंब आले. नवरा ओझरच्या बाजूला कामाला जाई. बाईने पुढच्या खोलीला शटर बसवले आणि मिरची-मसाला कांडण्याचे यंत्र मांडले. लोखंडी मुसळे वरखाली आपटत, माझ्या भिंतीवरचे घड्याळ थरथरे आणि उन्हाळ्याचे दोन महिने आमच्या खिडक्यांच्या गजांवर लाल भुकटी बसे. त्या दोन महिन्यांत वसाहतीतल्या बायका डबे घेऊन रांगेत उभ्या असत. त्या बाईचे वर्षाचे काम त्या दोन महिन्यांतच होत असे. हे मला माहीत होते आणि मला तेच दोन महिने बंद करायचे होते.

मी पहिल्यांदा तिच्या दारात गेलो, तेव्हा तिच्या तोंडावर फडके बांधलेले होते. नुसते डोळे दिसत होते.

"बाई, या यंत्राला परवाना आहे का?"

"हाऊ काय, भिंतीवर टांगेल शे," ती म्हणाली. "वाचा ना बाबा. तुम्हाले वाचाले भलतं आवडस म्हणे."

रांगेतल्या बायका हसल्या. मी परवाना वाचला. मुदत होती, शिक्का होता.

"आणि ही धूळ? माझ्या नाकाचं काय?"

"नाकाला फडकं बांधा. आम्ही बांधतोच ना? का तुमचं नाक सरकारी आहे?"

त्या दिवसापासून वसाहत मला 'कोर्टवाले बाबा' म्हणू लागली आणि मी अर्ज लिहू लागलो. सुरुवातीचे अर्ज चार ओळींचे होते. उत्तर आले नाही, की पुढच्या अर्जात आधीच्या सर्व अर्जांचे संदर्भ येत. तिसऱ्या वर्षापर्यंत माझा अर्ज सोळा पानांचा झाला. यंत्रावर धूळ ओढून घेणारा पंखा नाही आणि झाकण नाही, हा माझा मुख्य मुद्दा होता आणि तो खरा होता. पण मला तेवढ्याने भागवायचे नव्हते. मला ते शटर कायमचे खाली आलेले पाहायचे होते. अखेर महापालिकेच्या विभागीय कार्यालयाने दोघांना सुनावणीला बोलावले. तारीख नेमकी तिच्या हंगामाच्या ऐन मध्यावर आली. यंत्राला सील लागायचे की नाही, ते त्या दिवशी ठरणार होते.

मी कागदपत्रांना कोर्टाच्या रीतीने निशाण्या, म्हणजे पुराव्याचे क्रमांक, घातल्या. निशाणी एक, लाल झालेल्या गजांची छायाचित्रे. निशाणी दोन, डॉक्टरांचा दाखला. निशाणी तीन, माझी शिंकांची नोंदवही. निशाणी चार म्हणून मी थेंबांचे खोके लावायचे ठरवले, म्हणजे अर्जदाराचा त्रास किती भयंकर आहे ते दिसावे. अर्जात मी लिहिले, "अर्जदारास गेली अकरा वर्षे हे औषध दिवसातून आठ वेळा घ्यावे लागते." औषधवाल्याकडून एक न फाडलेले खोके मागून आणले, ते उलगडून त्याची प्रत काढली आणि जेवणाच्या टेबलावर रुजवातीला बसलो. मी मूळ वाचत होतो, पत्नी प्रतीवर बोट फिरवत होती. बारीक इंग्रजी अक्षरे मी एक एक करून उच्चारत होतो.

मध्येच तिचे बोट थांबले. "अहो, पण इथे लिहिलंय की हे..."

"मजकुरात शिरू नकोस," मी ओरडलो. "अक्षरं बघ. अक्षरं बरोबर आहेत का?"

"अक्षरं बरोबर आहेत," ती म्हणाली.

"मग झालं." मी खाली 'खरी नक्कल' लिहून सही केली.

सुनावणीला तीन दिवस उरले असताना शेवटची बाटली संपली. औषधवाल्याचा तो आठवड्याच्या सुट्टीचा दिवस होता आणि दुसरी दुकाने दहाशिवाय उघडत नसत. सकाळी नऊलाच भिंतीपलीकडे मुसळे सुरू झाली. लवंगी मिरची होती. नाक सिमेंट भरल्यासारखे बंद झाले आणि त्या बंद नाकातून शिंका बाहेर यायला धडपडू लागल्या. डोक्यात घण बसावेत तसे होत होते. कानांत दडे बसले. मी उशी फाडली. बाथरूमचा आरसा मुठीने फोडला आणि बोटांच्या पेरांतून काचा काढताना मला एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती. फिरायला जाताना कुत्र्यांसाठी बरोबर नेतो ती, खाली लोखंडी टोक असलेली काठी कोपऱ्यात उभी होती.

मी तिच्या शटरात उभा राहिलो तेव्हा माझ्या हातातून रक्त टपकत होते.

"बंद करा!"

"कोर्टवाले बाबा, रांगेत या," डबा घेऊन उभी असलेली एक बाई म्हणाली आणि दोघीतिघी फडक्याआड हसल्या.

यंत्रवाल्या बाईने वळूनही पाहिले नाही. "एवढा घाणा होऊ द्या बाबा. मग बोलू."

पहिला फटका मी मिरच्यांच्या डब्यावर मारला. डबा उलटून घरंगळत रस्त्यावर गेला. हसणे थांबले. दुसरा फटका यंत्राच्या खटक्यावर मारण्यासाठी मी काठी वर नेली आणि तिने खटका झाकायला हात पुढे केला. पुढचे मी आधी सांगितलेच आहे. हाड मोडल्याचा आवाज फार बारीक झाला, मुसळांच्या दणक्यात तो ऐकू यायला नको होता, पण आला.

ती ओरडली नाही. तिने डाव्या हाताने परातीतले मूठभर ताजे तिखट उचलले आणि मूठ माझ्या डोळ्यांसमोर आणली. मी डोळे मिटले. काही झाले नाही. उघडले तेव्हा ती मूठ परातीत रिकामी करत होती.

"हे गिऱ्हाइकनं शे," ती म्हणाली. "माझं असतं तर डोळ्यांत भरलं असतं."

मग तिने डाव्याच हाताने खटका बंद केला आणि खाली बसली. माझ्या पत्नीने तिला रिक्षातून दवाखान्यात नेले. मी घरी येऊन स्वच्छ सदरा घातला, हाताला पट्टी बांधली आणि पोलिसांची वाट पाहत बसलो. अशा गुन्ह्यात पोलीस काय विचारतात, ते मला पाठ होते. दुपार झाली. पत्नी परत आली.

"दोन बोटं. सहा आठवडे प्लास्टर," ती म्हणाली. नंतर काठीकडे पाहून म्हणाली, "ती टाका आधी. नाहीतर मी टाकते." मी ती गुडघ्यावर मोडायला गेलो. मोडली नाही. कुऱ्हाडीने तिचे तीन तुकडे केले.

पोलीस त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत.

सुनावणीला ती प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून आली. टेबलापलीकडे माझ्या मुलीच्या वयाच्या एक अधिकारी बसल्या होत्या. त्यांनी आधी तेच विचारले. "हाताला काय झालं, ताई?"

सोळा पाने आणि चार निशाण्या तिच्या एका वाक्यापुढे कचऱ्याच्या किमतीच्या होत्या.

"यंत्राच्या पट्ट्यात गेला, मॅडम," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले आणि अर्ज उघडला. त्यांनी तो सारा वाचला, हे मला नमूद केलेच पाहिजे. निशाणी चारवर त्या बराच वेळ थांबल्या.

"काका, ही प्रत तुम्हीच खरी केली?"

"अक्षर न् अक्षर ताडून."

"मग ही ओळ वाचा."

मी वाचली. सात दिवसांपेक्षा अधिक काळ वापरू नये. त्याखाली लिहिले होते की अधिक वापरल्यास नाक पुन्हा, पूर्वीपेक्षा जास्त, चोंदू शकते.

"तुम्ही अकरा वर्षं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि या ताई इथे आल्या तीन वर्षांपूर्वी. हेही तुम्हीच लिहिलंय. धुळीचं मी बघते, पंखा आणि झाकण बसवावंच लागेल. पण तुमचं नाक यांनी बंद केलं, हे तुमच्याच कागदावरून दिसत नाही. नाकाच्या डॉक्टरांकडे जा, काका."

यंत्राला सील लागले नाही. मला राग कशाचा आला, ते सांगणे अवघड आहे. कोणी खोटे बोलले असते तर मी अपील केले असते. मला हरवणारा कागद माझ्याच सहीचा होता आणि तो मी स्वतःच्या तोंडाने मोठ्याने वाचला होता. पत्नीचे थांबलेले बोट मला त्या खोलीत दिसत होते.

जिन्यात मी त्या बाईला गाठले. "तुम्ही खोटं का बोललात?"

"खरं बोलले असते तर पोलीस आले असते. पंचनामा, जबाब, शटरला कुलूप. मिरचीचे दिवस निघून गेले असते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही बोलले, बाबा. तुमच्यासाठी मी थुंकणार पण नाही."

वाटेत मी औषधवाल्याच्या पायरीवर चढलो आणि काऊंटरवर मूठ आपटली. काच तडकली. "अकरा वर्षं तू मला हे विकलंस!"

"तुम्ही मागितलं, साहेब," तो घाबरून मागे सरकत म्हणाला. "खोकं दिलं तरी तुम्ही घेत नव्हता."

नाकाच्या डॉक्टरांनी नळीच्या टोकावरच्या दिव्याने आत पाहिले आणि विचारले, "थेंब?" मी हो म्हणालो. "किती दिवस?" मी सांगितले.

"मूळ आजार लहान होता," ते म्हणाले. "थेंब आतल्या रक्तवाहिन्या आवळतात. असर उतरला की त्या सूड घेतल्यासारख्या फुगतात. तुम्ही पुन्हा थेंब सोडता, त्या पुन्हा फुगतात. मिरचीने शिंका येतील, येत राहतील. पण हे दार तुम्ही बंद केलंय. आजपासून थेंब नाहीत. एकही नाही. हा फवारा रोज, आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं."

मी फवारा हातात घेताच मान मागे टाकली. त्यांनी माझी हनुवटी धरून खाली दाबली. "अशी नाही. पायांच्या अंगठ्यांकडे बघा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. टोक मधल्या पडद्याकडे नको, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. जोरात ओढू नका. आणि याने एका मिनिटात काही होणार नाही. आठवडे लागतील."

थेंब बंद केल्यावरचे पहिले बारा-तेरा दिवस मी माणूस नव्हतो. नाक पूर्ण बंद, तोंड कोरडे पडून जीभ चिरलेली, घास आणि श्वास एकाच वेळी घेता येत नाही म्हणून ताट भिंतीवर फेकलेले. झोपेत गुदमरून उठायचो आणि पलंगाच्या फळीवर डोके आपटायचो. दुकान उघडल्यावर मी पुन्हा आणलेल्या सगळ्या बाटल्या पत्नीने गोळा केल्या होत्या. पाचव्या दिवशी मी त्या शोधत कपाटे उलटी केली, धान्याचे डबे ओतले. कोथिंबीर निवडत बसलेल्या पत्नीने आतून एक बाटली आणून टेबलावर ठेवली.

"घ्या, घाला. मी अडवणार नाही," ती म्हणाली. "मग कुऱ्हाडीचा दांडा घेऊन शेजारी जा आणि तिचा दुसरा हातही मोडून या. अकरा वर्षं तुमचं नाक सांभाळलं मी. आता माझ्याच्याने नाही होत."

मी बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि वरवंटा उचलून तिच्यावर मारला. एकदा नव्हे, ओट्याच्या फरशीला चीर जाईपर्यंत. प्लास्टिकचा चोळामोळा झाला, थेंब ओट्यावरून ओघळले. ती चीर अजून आहे.

दुसरा आठवडा सरता सरता उजवी बाजू किंचित उघडली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी भिंतीपलीकडून धणे भाजल्याचा वास आला. मला तो वास ओळखायला वेळ लागला, कारण कित्येक वर्षे मला फक्त जाळ कळत होता, वास नाही. मागोमाग शिंका आल्या, पाच. मी नोंदवहीत लिहिले, पाच, आणि वही बंद केली.

मग मी एक कागद लिहायला घेतला. त्यात अलंकार नव्हते आणि संदर्भ नव्हते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या काठीने, कोणाच्या कोणत्या हाताची कोणती दोन बोटे मी मोडली आणि काठी आवरता येत असूनही आवरली नाही, एवढेच लिहिले. खाली सही केली. दुपारी रांग नव्हती तेव्हा शेजारी गेलो. यंत्रावर नवे झाकण बसले होते, वर पंखा फिरत होता. ती पाटावर बसून एका हाताने मिरच्यांचे देठ खुडत होती. मिरची गुडघ्याखाली दाबायची आणि डाव्या हाताने देठ ओढायचा.

"हे घ्या," मी म्हणालो. "कबुलीजबाब आहे. पोलिसांना द्यायचा असेल तर मी स्वतः बरोबर येतो. हंगाम संपल्यावर द्या, मुदत जात नाही."

तिने फडके खाली ओढले आणि कागद वाचायला घेतला. ओळीखाली बोट धरून, सावकाश, सगळा वाचला. एका जागी थांबली.

"आवरता येत असूनही," ती म्हणाली. "हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. तुम्ही लिहाल असं वाटलं नव्हतं."

"लिहिलं आहे."

तिने कागदाची चौपदरी घडी केली आणि परवान्याच्या चौकटीमागे सरकवली. "राहू द्या इथं. आता नाही देत. पुन्हा काठी उचलली तर कामाला येईल."

"मी उचलणार नाही."

"तुम्ही काय कराल ते तुम्हाला नाही माहीत, बाबा. म्हणून राहू द्या." मग तिने पायाने एक पाट माझ्याकडे ढकलला. "आणि उभे काय? तुमच्यामुळे एका हातानं खुडते मी. फडकं बांधा आणि बसा."

मी घरी जाऊन फवारा घेतला, मान खाली घालून, पायांच्या अंगठ्यांकडे पाहत. तोंडाला पंचा बांधून परत आलो आणि पाटावर बसलो. प्लास्टर निघेपर्यंत रोज दुपारी तासभर मी देठ खुडले. रोज शिंकलो. रांगेतल्या बायका मोजत आणि मोठ्याने आकडा सांगत. एकदा सतरा झाल्या तेव्हा एकीने, "बाबा, आज नापास!" असे म्हटले आणि माझ्या हातातली मिरची मी इतकी आवळली की बिया बोटांत शिरल्या. दुपारभर बोटे जळत होती. मी पुढची मिरची उचलली.

प्लास्टर निघाले. शेजारचे बोट जुळले, करंगळी पूर्ण सरळ झाली नाही. पुडी बांधताना ती वेगळी, आकड्यासारखी राहते आणि दोरा तिला अडतो. मी रोज ते पाहतो, कारण माझा मसाला आता तिच्याकडेच कांडला जातो.

कागदाचे मूळ परवान्याच्या चौकटीमागे आहे. माझ्याकडे त्याची नक्कल आहे. मूळ देण्याआधी ती त्याच्याशी ताडताना मी पत्नीला समोर बसवले होते. या वेळी मूळ तिने वाचले, बोट मी फिरवले, आणि जिथे ती थांबली तिथे मीही थांबलो.